मोरचुदाच्या पिंपात विळा बुडवला, आणि आयोडाइडपाशी येऊन अडलो

द्राक्षबागवाला | सोमवार, रात्री ९:१८

मंडळी, नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. मी बीएस्सी केमिस्ट्री, पण त्याला बावीस वर्षं झाली. आता केमिस्ट्री उरली ती बोर्डो मिश्रणापुरती, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांच्या बुरशीनाशक फवाऱ्यापुरती. धाकट्या भावाची मुलगी सांगलीत बारावीला आहे, सुट्टीला मळ्यावर आली होती.

तिचं दुखणं म्हणजे पुस्तकातला तो प्रमाण क्षपण विभवांचा तक्ता, कोण किती जोरानं इलेक्ट्रॉन ओढतो त्याचे व्होल्टमधले आकडे. वर फ्लोरिन +२.८७, तळाला लिथियम उणे ३.०५, मधे हायड्रोजन शून्य. "आप्पा, सगळ्यात प्रबळ क्षपणक कोण विचारलं की मी मोठा आकडा बघून फ्लोरिनवर टिक करते आणि दरवेळी आपटते."

छाटणी झाली होती, फवारणीची तयारी चालू होती. प्लास्टिकच्या पिंपात मोरचूद रात्रभर भिजत घातलेलं, पाणी गडद निळं. मी विळ्याचं पातं पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केलं आणि तिच्यासमोर त्या पाण्यात बुडवलं. वीस आकडे मोजेपर्यंत पात्यावर तांबूस झाक आली. दोन-तीन मिनिटांत धार सोडून सगळं पातं घंगाळासारखं लाल झालं. बोट फिरवलं तर लाल भुकटी बोटाला.

मग तिला आपल्या भाषेत सांगितलं. पंप घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं काय विचारतो? हेड किती, म्हणजे पाण्याच्या उंचीतला फरक किती? इलेक्ट्रॉनचंही हेड असतं. तक्ता उलटा टांगलाय असं समज. लिथियम जतच्या माळावर, फ्लोरिन कृष्णेच्या पात्रात. माळावरून नदीकडे पाणी आपसूक येतं. नदीतून माळावर न्यायचं तर म्हैसाळ योजनेसारखे टप्प्याटप्प्याला पंप बसवावे लागतात, ते झालं इलेक्ट्रॉलिसिस, बाहेरून वीज लावून उलटं काम करून घेणं. जो उंचावर बसून इलेक्ट्रॉन खाली सोडतो तो क्षपणक. जो खोलात बसून ओढून घेतो तो ऑक्सिडक. लोखंड उणे ०.४४ वर, तांबं +०.३४ वर, उतार ०.७८ व्होल्टचा. म्हणून लोखंड विरघळलं आणि तांबं पात्यावर बसलं. पोरगी खूश, मी त्याहून खूश.

दुसऱ्या दिवशी ऐटीत तिला आमच्या वेळचं प्रॅक्टिकल सांगितलं. मोरचुदाच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातलं की चहासारखा रंग येतो, आयोडिन सुटतं, मग हायपोनं (सोडियम थायोसल्फेटनं) टायट्रेट करायचं, म्हणजे थेंब थेंब घालून मोजायचं, शेवटी स्टार्च, निळं गेलं की रीडिंग. तिनं वही काढली. कॉपर दोनचं (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याचं) कॉपर एक होतं, त्याचा विभव +०.१५. आयोडिनचा +०.५४. म्हणजे आयोडाइडचे इलेक्ट्रॉन तांब्याकडे जायचे तर चढ चढावा लागेल, ०.३९ व्होल्टचा. "आप्पा, हे होऊच शकत नाही. मग तुम्ही कॉलेजात तीन वर्षं काय केलं?"

मी आंघोळीला जातो म्हणून उठलो. कुणीतरी सोडवा.

शंकासूर | सोमवार, रात्री ९:५१

प्रॅक्टिकलची रीडिंगं आपण सगळ्यांनी शेजारच्या बाकावरून उतरवलेली असतात. अभिक्रिया झालीच नसेल, तुम्हीच बघितली नसेल. (हलकं घ्या.)

नाममात्र | सोमवार, रात्री १०:२६

तक्त्यातली ओळ चुकीची घेतली असणार. तांब्याची ०.३४ ची ओळ घेऊन बघा.

द्राक्षबागवाला | सोमवार, रात्री १०:४०

घेतली हो. ०.३४ सुद्धा ०.५४ च्या वर जात नाही. तरी चढच. शिवाय तळाला पांढरट साका बसायचा हे मला पक्कं आठवतं, लाल तांबं नव्हे.

चंचुपात्र | मंगळवार, सकाळी ६:३५

द्राक्षबागवाले, तुम्हाला जो पांढरट साका आठवतोय, उत्तर त्यातच बसलंय. मी विश्रामबागेत राहतो. ज्युनिअर कॉलेजला सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी तुमच्या हेडबद्दल. दाखला चांगला आहे, फक्त दोन गोष्टी पुतणीच्या मनावर ठसवा. पहिली, उंची कुठून मोजायची हे आपण ठरवलेलं असतं. समुद्रसपाटीला शून्य म्हणतो तसं हायड्रोजनला शून्य म्हटलंय. दोन ठिकाणांतला फरक तेवढा खरा. एकट्या पदार्थाला 'प्रबळ' म्हणणं म्हणजे एकट्या माणसाला 'मोठा भाऊ' म्हणण्यासारखं आहे. दुसरी, पाणी एक घागर सोडा नाहीतर टँकरभर, हेड तेवढंच राहतं. समीकरण जुळवताना मुलं चांदीच्या ओळीला दोननं गुणतात ते बरोबर, पण त्याबरोबर ०.८० चंही १.६० करून टाकतात. माझ्या निम्म्या वर्गाचे मार्क तिथं जायचे.

आता साका. कॉपर दोन एक इलेक्ट्रॉन घेऊन कॉपर एक होतो, ०.१५ व्होल्ट, हे खरं. पण तो आकडा कधीचा? कॉपर एक पाण्यात मोकळा फिरत असेल तेव्हाचा. आयोडाइड हजर असताना तो मोकळा राहतच नाही. तयार झाला की आयोडाइड त्याला धरून क्युप्रस आयोडाइड म्हणून तळाला बसवतं. त्याचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे पाण्यात किती विरघळतं याचं माप, १० चा उणे १२ वा घात, इतका कमी. उत्पादित माल निर्माण होताच उचलला जातोय, म्हणून खालचा खड्डा भरतच नाही, उलट खोल होतो. नर्न्स्टच्या सूत्रात (द्रावणातलं प्रमाण बदललं की विभव किती बदलतो ते सांगणाऱ्या) घालून बघा: ०.१५ मधे ०.०५९ गुणिले १२ मिळवा, म्हणजे साधारण ०.७१. झाले ०.८६. आता ०.८६ वजा ०.५४, उतार ०.३२ व्होल्टचा. चढाचा उतार झाला. आयोडाइड इथं दोन कामं करतंय, इलेक्ट्रॉनही देतंय आणि तयार मालही उचलतंय. तुमच्या पुतणीचं गणित बरोबर होतं, तक्त्यातली ओळ तिथं लागू नव्हती.

उलटंही होतं. फेरिक आयर्न (+०.७७) आयोडाइडमधून आयोडिन सोडवतं. त्यात आधी फ्लोराइड घाला, ते फेरिकला घट्ट वेढून बसतं, आणि तोच फेरिक आयोडाइडसमोर गप्प होतो.

द्राक्षबागवाला | मंगळवार, सकाळी ७:०२

सर, दंडवत. पोरीला फोनवर वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: "म्हणजे ताकद ठरलेली नसतेच, तर तक्ता पाठ कशाला करायचा?" मला त्यावर उत्तर नाही.

बारावीचीआई | मंगळवार, दुपारी १:१५

पाठ करायचा कारण सीईटीत येतो. :) माझा मुलगा एवढंच धरून चालतो की डाव्या बाजूचा वरचा माणूस उजव्या बाजूच्या खालच्याकडून इलेक्ट्रॉन ओढतो. गाडी चालते त्याची. पण हायड्रोजन परॉक्साइड आलं की घोळ. ते तक्त्यात दोन ठिकाणी कसं?

चंचुपात्र | मंगळवार, दुपारी २:४०

ताई, कारण ते मधल्या पायरीवर उभं आहे. परॉक्साइडमधल्या ऑक्सिजनचा ऑक्सिडेशन अंक उणे एक असतो, खाली पाणी (उणे दोन), वर ऑक्सिजन वायू (शून्य). खाली उतरताना ते ऑक्सिडक, ती ओळ +१.७८. वर चढताना क्षपणक, ती ओळ +०.६८. समोर आयोडाइड आलं तर परॉक्साइड त्याचं आयोडिन करतं. समोर आम्लातलं परमँगनेट (+१.५१) आलं तर परॉक्साइडच इलेक्ट्रॉन देऊन मोकळं होतं आणि जांभळा रंग जातो. गल्लीत दादा, तालमीत पोऱ्या. आणि १.७८ हा ०.६८ च्या वर असल्यामुळे परॉक्साइडचा एक रेणू दुसऱ्यालाच खातो. मेडिकलमधली जुनी बाटली उघडून जखमेवर ओतली आणि फेस आला नाही तर समजा, आतल्या आत भांडून संपलंय.

गलाईकर | मंगळवार, रात्री ११:०८

तक्ता कशाला पाठ करायचा ते मी सांगतो. मी विट्याजवळचा, गेली एकोणीस वर्षं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान आहे. शिक्षण दहावी. तक्ता मी पहिल्यांदा दोन वर्षांपूर्वी पोराच्या पुस्तकात बघितला. बघतो तर काय, आमचा धंदाच त्यात छापलेला.

आमच्याकडं जुनी चांदी येते, त्यात तांबं मिसळलेलं असतं. ती तेजाबात विरघळवायची. तेजाब म्हणजे तुमचं नायट्रिक. तपकिरी धूर निघतो, तो छातीत गेला की दोन दिवस खोकला सुटत नाही. सुरवातीला एका ठिकाणी बिनपंख्याच्या खोलीत काम केलंय मी, म्हणून सांगतो. सगळं विरघळलं की निळसर पाणी होतं. चांदी पण पाण्यात, तांबं पण पाण्यात. आता चांदी एकटी कशी काढायची?

त्यात तांब्याची जाड पट्टी सोडायची. बघता बघता पट्टीवर करडी लव उगवायला लागते, शेवाळासारखी. अर्ध्या तासानं पट्टी झटकली की ती लव तळाला पडते, परत नवी उगवते. ती चांदी. पाणी जास्त जास्त निळं होत जातं, कारण पट्टी विरघळत चाललीय. शंभर ग्रॅम पट्टी गेली की साधारण तीनशे चाळीस ग्रॅम चांदी पडते, हा हिशेब आमच्या वस्तादानं मला तोंडपाठ करून घेतला होता. सगळी उतरली का बघायला वरचं पाणी थेंबभर काढून त्यात मिठाचं पाणी टाकायचं. दह्यासारखं फुटलं तर अजून चांदी आहे. नुसतं निळंच राहिलं तर संपली.

आता मुद्दा. जस्ताची पट्टी टाकली तर? जस्त तक्त्यात तांब्याच्या कितीतरी खाली, उणे ०.७६. लई ताकदीचं. चांदी झपाट्यानं पाडेल, पण त्यामागोमाग तांबं पण पाडेल, म्हणजे परत खिचडी. तांब्याची पट्टी तांब्याला पाडू शकत नाही, म्हणून तीच पाहिजे. वस्ताद म्हणायचे, "वाघ नको, मांजर आण, उंदीरच धरायचाय." चांदी गेल्यावर उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचा भंगार टाकायचा, तांबं परत मिळतं. द्राक्षबागवाल्या भाऊंचा विळा तो हाच.

सोन्याचं त्याहून भारी. सोनं एकट्या तेजाबाला भीक घालत नाही. तेजाब आणि हायड्रोक्लोरिक मिळून जे अम्लराज होतं त्यात विरघळतं. मग जादा तेजाब आटवून घालवायचं, नाहीतर पडलेलं सोनं ते परत खातं. आणि मग हिराकशीचं पाणी ओतायचं. सोनं चिखलासारखं तपकिरी होऊन तळाला बसतं. नवीन गिऱ्हाईक बघून घाबरतं, माझ्या सोन्याची माती केली म्हणतं. टाकणखार घालून मुशीत वितळवलं की पिवळं. पण हिराकसच का, हे मला अजून नीट उमगलं नाही. सरांनी सांगावं.

चंचुपात्र | बुधवार, सकाळी ६:२०

गलाईकर, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. वर्गात असतो तर तुम्हाला फळ्याजवळ उभं केलं असतं आणि स्वतः बाकावर बसलो असतो. पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. तक्ता पाठ करायचा तो सगळ्यात मोठा पैलवान शोधायला नाही, नेमका लागेल तेवढाच शोधायला.

सोन्याचं आधी. मोकळ्या सोन्याच्या आयनाचा विभव +१.५०, तेजाबाचा +०.९६. चढ आहे, म्हणून भीक घालत नाही. हायड्रोक्लोरिकमधलं क्लोराइड सोन्याला विळखा घालून बसतं, तेव्हा सोन्याची ओळ +१.०० वर उतरते. आता ०.९६ आणि १.०० जवळजवळ समोरासमोर, त्यात संहत आम्ल आणि त्याच मिश्रणात तयार होणारं क्लोरिन, की जमलं. तेजाबाची ताकद वाढली नाही, सोन्याची पकड ढिली झाली. आयोडाइडची गोष्ट परत आलीच.

आता हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. तिची ओळ +०.७७. क्लोराइडातलं सोनं १.०० वर, म्हणजे हिराकस त्याला इलेक्ट्रॉन देऊ शकते. पण अशुद्ध सोन्यातलं तांबंही त्याच पाण्यात आहे, त्याची ओळ ०.३४. तिथवर इलेक्ट्रॉन पोचवणं हिराकशीच्या आवाक्याबाहेर. म्हणून सोनं पडतं आणि तांबं पाण्यातच राहतं. जस्त टाकलं असतं तर दोन्ही पडली असती. १.०० आणि ०.३४ यांच्या मधे बसणारा क्षपणक हवा होता, तो तुमच्या वस्तादांना तक्ता न बघता सापडलेला होता.

नाममात्र | बुधवार, सकाळी ९:४४

मग हिराकशीनं चांदी पण पडेल का? ०.८० आणि ०.७७, उतार आहेच की ०.०३ चा.

चंचुपात्र | बुधवार, सकाळी १०:१२

छान पकडलंत. पडेल, पण अर्धवट. ०.०३ व्होल्ट म्हणजे समतोल स्थिरांक जेमतेम तीनच्या घरात. थोडी चांदी पडते, थोडं फेरिक तयार होतं, आणि ते फेरिक पडलेली चांदी परत विरघळवू लागतं. बरोबरीत सुटलेली कुस्ती. काम पुरं करून हवं असेल तर एका इलेक्ट्रॉनच्या व्यवहारात ०.३ व्होल्टचा उतार तरी असावा, असा मी अंदाज धरतो.

लॅबमामा | बुधवार, रात्री ८:३०

मी शिक्षक नाही, साताऱ्याकडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. बाटल्या भरणारा माणूस. एक किस्सा सांगतो, त्यात चूक माझीच.

परमँगनेटचं टायट्रेशन मोहर सॉल्टशी (त्यात फेरस लोखंड असतं). सल्फ्युरिकच्या बाटलीत माझ्याकडून हायड्रोक्लोरिक भरलं गेलं. लेबल सल्फ्युरिकचंच. सगळ्या बॅचचं ब्युरेट रीडिंग दीड-दोन मिलिलिटर जास्त. मुलं एकमेकांची रीडिंगं बघून गुपचूप तीच लिहीत होती, त्यामुळे चूक कळायला दुपार झाली. एका मुलीनं मात्र सांगितलं, मामा, फ्लास्कला पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय. तो क्लोरिन. परमँगनेट १.५१, क्लोरिन १.३६. म्हणजे मोहर सॉल्ट खाता खाता ते क्लोराइड पण खात होतं. डायक्रोमेट असतं तर चाललं असतं, ते १.३३, क्लोराइडच्या वाटेला सहसा जात नाही. गलाईकर म्हणाले तसं, मांजर पाहिजे तिथं मी वाघ सोडला.

पण सर, एक गोष्ट मला तेव्हापासून खटकते. ऑक्झॅलिक आम्लाशी तेच परमँगनेट घेतलं तर फ्लास्क साठ-सत्तर अंशाला तापवावा लागतो. तरी पहिला थेंब गुलाबी होऊन तसाच थांबतो, मुलं घाबरून ओरडतात, मामा एंड पॉइंट आला. मग हळूच रंग जातो, आणि नंतरचे थेंब पटापट जातात. ऑक्झॅलिक तर तक्त्यात उणे ०.४९, म्हणजे उतार दोन व्होल्टचा. मोहर सॉल्टला उतार पाऊणच व्होल्ट, तरी थंडगार फ्लास्कमध्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत. जास्त हेड असून पाणी हळू का?

द्राक्षबागवाला | बुधवार, रात्री ८:५५

मामा, ह्याचं उत्तर मी देतो, बागेत रोज बघतो. हेड भरपूर असलं तरी व्हॉल्व्ह बंद असला तर ड्रिपला थेंब येत नाही. बरोबर का सर?

चंचुपात्र | बुधवार, रात्री ९:३०

शंभर टक्के. तक्ता फक्त हेड सांगतो, व्हॉल्व्हबद्दल एक अक्षर नाही. ऑक्झॅलिकमध्ये कार्बन-कार्बन बंध तुटावा लागतो, तो व्हॉल्व्ह घट्ट. पहिले थेंब गेले की मँगनीज दोन तयार होतं आणि तेच तो व्हॉल्व्ह उघडतं, म्हणून पुढचे थेंब पटापट. मोहर सॉल्टच्या लोखंडाला एक इलेक्ट्रॉन तेवढा द्यायचा असतो, तोडफोड काही नाही.

आणि मामा, तुमच्या किश्शातही व्हॉल्व्ह होता. थंड, विरळ हायड्रोक्लोरिकला परमँगनेट एकटं फारसं धक्का लावत नाही. लोखंड आलं की त्याच्या ओघात क्लोराइडही खाल्लं जातं. म्हणून लोखंडाच्या कामात हायड्रोक्लोरिक टाळता येत नसेल तर मँगनीज सल्फेट असलेलं झिमरमान-राइनहार्ट द्रावण आधी घालतात. बाटलीतल्या परमँगनेटचंच बघा. पाण्यातला ऑक्सिजन १.२३ ला सुटतो, म्हणजे १.५१ वालं परमँगनेट स्वतःच्याच पाण्याला खायला हवं. खातंही, पण इतकं सावकाश की तपकिरी बाटलीत, अंधारात ते महिनोन् महिने टिकतं.

शंकासूर | बुधवार, रात्री १०:०५

मग लिथियम सगळ्यात प्रबळ क्षपणक, तरी पाण्यात टाकलं की नुसतं फुसफुसतं. पोटॅशियम मात्र जांभळ्या ज्वाळेनं पेटतं. हाही व्हॉल्व्हच?

चंचुपात्र | गुरुवार, सकाळी ६:४०

हाही. लिथियम उणे ३.०५, पोटॅशियम उणे २.९३. लिथियमचा आयन इवलासा, पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगतात, तिथं सुटणाऱ्या ऊर्जेमुळे ते पहिल्या नंबरावर आहे. पण लिथियम वितळायला १८० अंश लागतात, पोटॅशियम ६३ लाच पाघळतं. पाण्यावर पोटॅशियमची गोळी लगेच पातळ होऊन पसरते, दरवेळी नवा पृष्ठभाग उघडा पडतो. लिथियम ढेकळासारखं घट्टच राहतं.

पाणीवाला | गुरुवार, दुपारी १२:२०

कृष्णाकाठच्या एका ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याला आहे. २०१९ च्या पुरानंतर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या गोण्याच्या गोण्या टाक्यांत आणि विहिरींत घातल्या आम्ही. तेव्हा आरोग्यवाल्यांनी सांगितलेलं, पावडर टाकून अर्धा तास थांबा, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलंय का ते रंगावरून बघायची तपासणी, घ्या. नळाच्या टोकाला ०.२ पीपीएम क्लोरिन उरलं पाहिजे. गढूळ विहिरीत कितीही टाका, ओटीचा पिवळा रंग यायचाच नाही. नंतर उमगलं, गाळ आणि कुजलेला पालाच सगळं क्लोरिन खाऊन टाकत होता. जंतूंच्या वाट्याला काही उरतच नव्हतं. आधी गाळ काढला, मग रंग आला.

एक विचारायचंय. पाणी जास्त क्षारट, पीएच वर असला की क्लोरिन कमी चालतं म्हणतात, ते ह्याच तक्त्याचं का?

चंचुपात्र | गुरुवार, दुपारी ३:०५

काही अंशी. पीएच ७.५ च्या खाली हायपोक्लोरस आम्ल जास्त असतं, त्याची ओळ १.४९. वर गेलं की हायपोक्लोराइट जास्त, अल्कलीत त्याची ओळ ०.८९. पण जंतू मरतात ते नुसत्या व्होल्टवर नाही. हायपोक्लोरस आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. हायपोक्लोराइट ऋणभारित, दारातच अडतो.

पीएचचा खरा तमाशा परमँगनेटमध्ये बघायला मिळतो. त्याच्या समीकरणात आठ हायड्रोजन आयन आणि पाच इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून पीएच एकानं वाढला की विभव साधारण ०.०९५ नं घसरतो. पीएच ३ ला ते १.२३ वर येतं, क्लोराइडला हात लावू शकत नाही, ब्रोमाइडला (१.०७) लावतं. पीएच ५ ला १.०४, आता ब्रोमाइडही तावडीतून निसटलं, आयोडाइड तेवढं सापडतं. आम्लाचे थेंब मोजून वाघाचं मांजर करता येतं.

आणि सगळ्यांना हात जोडून सांगतो, टीसीएल पावडर आणि संडास धुवायचं आम्ल एकत्र करू नका. मामांच्या फ्लास्कमधला वास बंद न्हाणीघरात नको.

बारावीचीआई | गुरुवार, रात्री ९:१०

हळदीला चुना लावला की लाल कुंकू होतं, ते ऑक्सिडेशन की रिडक्शन? मुलाच्या वर्गात वाद झालाय.

लॅबमामा | गुरुवार, रात्री ९:२५

दोन्ही नाही ताई. ते आम्ल-अल्कलीचं. लिंबू पिळा, परत पिवळी होते. इलेक्ट्रॉन कुणी दिला नाही, कुणी घेतला नाही.

द्राक्षबागवाला | रविवार, सायंकाळी ७:४५

धागा वाचून पुतणी आज परत मळ्यावर आली. चुन्याची निवळी मोरचुदात ओतून बोर्डो तयार केलं. शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि चुना, नेहमीसारखं. त्यात घासलेला विळा बुडवला. पाच मिनिटं झाली, पातं तसंच पांढरं. मी म्हटलं, बघ, हीच आमची तपासणी. पातं लाल झालं तर चुना कमी पडला, तसंच फवारलं तर पानं करपतात.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आप्पा, हे आयोडाइडच्या उलट झालं. तिथं इलेक्ट्रॉन घेतल्यावर जो तयार होतो तो तांब्याचा आयन अडकला, म्हणून तांब्याची ताकद वाढली. इथं घेण्याआधीचाच चुन्यात अडकला, म्हणून कमी झाली." मला वाटतं बरोबर आहे. सर?

चंचुपात्र | रविवार, रात्री ८:३०

अगदी बरोबर, तिला माझ्यातर्फे पेढा द्या. पण थोडी कुरकुर. पीएच ८ धरला तर कॉपर हायड्रॉक्साइडमुळे सुटं तांबं नावाला उरतं आणि विभव ०.३४ वरून ०.११ च्या आसपास येतो. लोखंडाच्या उणे ०.४४ पेक्षा तो अजूनही बराच वर. म्हणजे उतार संपलेला नाही. पातं लाल होत नाही कारण दिसण्याइतकं तांबं पाण्यात सुटं नाही, आणि चुन्याच्या पाण्यात लोखंडावर पातळ पापुद्रा धरतो. हेड कमी झालं, आणि व्हॉल्व्हही जवळजवळ बंद झाला.

द्राक्षबागवाला | रविवार, रात्री ८:४८

सांगतो तिला. अवांतर: परवाचा तो लाल विळा आमच्या आईनं कोपऱ्यात बघितला आणि विचारतेय, तांब्याचा विळा कुणी आणला म्हणून.

गलाईकर | रविवार, रात्री ९:०२

भाऊ, तो आजच घासून ठेवा. तांबं आणि लोखंड ओल्यात चिकटून राहिलं की लोखंडच आधी मरतंय. पातं गंजून खड्डे पडतील.